तांबडखोलची चूल

पृथ्वीने सगळ्यांसाठी वर आणून दिलेले पाणी स्वतःच्या नावावर करून घेताना लोकांना लाज कशी वाटत नाही?

तांबडखोलच्या गरम पाण्याच्या कुंडात गावातली प्रत्येक नवी सून फडक्यात तांदूळ बांधून पहिला भात शिजवते. तिथे जात कुणी विचारत नाही, आणि याचा गावाला केवढा तोरा! त्याच कुंडाला अण्णा खोतांनी कुंपण घालून फाटकाला कुलूप लावले. शेवंता पाष्टे नव्या सुनेला घेऊन आली, तेव्हा ते फाटकातच उभे होते.

"ही चूल आमची," अण्णा म्हणाले. "माझ्या पणजोबांनी यज्ञ केला, तेव्हा हे पाणी तापलं."

सुनेसमोर हात हलवत परतणे शेवंताला मान्य नव्हते.

"असेल हो अण्णा," ती म्हणाली. "पण ज्याची चूल, त्याला ती विझवताही येते. घटकाभर हे पाणी गार करून दाखवा. झालं, तर आम्ही भात घरी शिजवू."

जमलेला गाव अण्णांकडे बघू लागला. कुंडातून बुडबुडे येतच होते. अण्णांनी नुसतेच उपरणे सावरले.

त्यांच्याच रखवालदाराने, भागोजीने, कमरेची किल्ली काढली. "उघडतो मी, अण्णा. नाहीतरी या वाफेत कुलूप वर्षभर टिकलं नसतं."