इझबेलचं कुंपण

उत्तर इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅलोविक नावाचं एक एवढंसं गाव आहे. बघण्यासारखं म्हणाल तर तिथे काही नाही. किल्ला नाही, राजवाडा नाही, चहाचं एक दुकान आहे, तेही मालकिणीच्या मर्जीवर उघडतं. पण गावात शिरलं की एक गोष्ट नजरेत भरते. प्रत्येक घराच्या दाराशी लॉरेलचं झुडूप आहे. जाड, चकचकीत पानांचं, बारा महिने हिरवं. समोर खाडी आणि सदा खारा वारा, त्यामुळे दुसरं काही तिथे धड जगत नाही. शेजारच्या गावचे लोक म्हणतात की हॅलोविकमध्ये माणसांपेक्षा झुडपांना जास्त मान आहे. हॅलोविककरांना त्याचं काही वाटत नाही.

खाडीच्या बांधावर एक बाक आहे. त्यावर विनिफ्रेडबाई बसलेल्या असतात. सारा जन्म त्यांनी गावच्या टपाल कचेरीत काढला, आता पाहुणा दिसला की त्याला बसवून घेतात आणि झुडपांची हकीकत सांगतात. तुम्ही विचारलंत तरी सांगतात, न विचारलंत तरी सांगतात.

फार पूर्वी, खाडीला वळसा घालणारा रस्ता नव्हता, तेव्हाची गोष्ट. ओहोटी लागली की खाडीचं पाणी हटायचं आणि पलीकडच्या गावापर्यंत नुसती वाळू उघडी पडायची. दिसायला अगदी सारवलेल्या अंगणासारखी. पण मधून एक नदी वाहायची, ती आज इथे तर उद्या तिथे, आणि तिच्या आसपास अशा जागा असायच्या की उभा घोडा गिळून टाकतील. म्हणून गावाला वाटाड्या असे. त्या काळी ते काम ह्यू नावाच्या माणसाकडे होतं. हातातल्या लांब काठीने तो वाळू चाचपायचा, घट्ट वाट शोधायचा आणि खुणेसाठी जागोजागी काठ्या रोवायचा. मग लोक त्या खुणांवरून जायचे-यायचे.

इझबेल ही त्याची बायको. ती पलीकडच्या गावची. लग्न होऊन आली तेव्हा आईच्या परसातली लॉरेलची एक फांदी ओल्या पोत्यात गुंडाळून तिने आणली होती म्हणे. ती तिने दाराशी लावली. आपल्याकडे तुळशीला जपतात तशी जपली. वाऱ्याच्या बाजूने दगड रचले, पानांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुतलं. वर्षं गेली आणि त्या एका फांदीचं घराभोवती दाट कुंपण झालं. मूलबाळ मात्र झालं नाही. गावचा लोहार बार्नबी तोंडाचा फटकळ. येताजाता तो विचारायचा, "काय इझबेल, कुंपणाचं बारसं कधी?" ती हसायची आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही.

गावात तेव्हा देऊळ नव्हतं. प्रार्थनेला खाडीपलीकडे जावं लागे. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशूच्या वाटेवर लोकांनी झावळ्या अंथरल्या, त्याची ही आठवण. थंड मुलखात माड कुठले? मग ज्याला जे हिरवं मिळेल ते तो हातात धरायचा आणि घरी आणून वर्षभर दारावर लावायचा. हॅलोविकमध्ये हिरवं फक्त इझबेलकडे. दर वर्षी लोक एखादी डहाळी मागायला यायचे आणि दर वर्षी ती सगळ्यांना रिकाम्या हाती परत पाठवायची. त्या वर्षी मॉड नावाची थकलेली विधवा आली. म्हणाली, "पुढच्या वर्षी मी असेन की नाही, सांगता येत नाही. एकच दे गं." इझबेलने तिलाही नाही म्हटलं.

ह्यू कधी आवाज चढवायचा नाही, पण त्या सकाळी तो म्हणाला, "कुंपणाला लेकरू म्हण, माझी ना नाही. पण म्हातारीला तरी द्यायचीस." इझबेलला हे लागलं. ती प्रार्थनेला गेली नाही. सारं गाव पहाटेच्या ओहोटीला ह्यूबरोबर खाडी ओलांडून गेलं. ही एकटी दार लावून घरात बसली.

डोंगरात आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. नदीला लोंढा आला आणि दुपारच्या भरतीबरोबर काटक्या, मेखा, मोडकी कुंपणं असलं सगळं खाडीभर पसरलं. संध्याकाळी पाणी ओसरलं तशी इझबेल बांधावर आली. वाळूत जिकडे पाहावं तिकडे काठ्याच काठ्या उभ्या. त्यातल्या ह्यूच्या कोणत्या आणि नदीने आणून टाकलेल्या कोणत्या, हे खुद्द ह्यूलाही सांगता आलं नसतं. त्यातच समुद्राकडून धुकं यायला लागलं. आणि गाव तर एव्हाना पलीकडून निघालेलं असणार.

वाट तिला ठाऊक होती, कारण काठ्यांचा भारा घेऊन ती नेहमी ह्यूच्या मागे चालायची. प्रश्न होता तो खुणांचा. त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात लांबून वेगळं काय दिसेल? तिने वळून पाहिलं. अख्ख्या किनाऱ्यावर एकच हिरवी गोष्ट होती.

ती आत गेली आणि कोयता घेऊन आली. पहिला घाव घालताना तिचा हात थांबला होता, असं सांगतात. नंतर थांबला नाही. सगळं कुंपण तिने बुंध्यापर्यंत तोडलं, फांद्या जुन्या चादरीत बांधल्या आणि भारा ओढत वाळूत उतरली. काठीने चाचपायची, चार पावलं जायची, फांदी रोवायची. भारा संपला तेव्हा ती नदी जिथून ओलांडायची त्या उतारापाशी पोचली होती.

पलीकडून माणसं धुक्यातून आली. घाबरलेली, मुलं कडेवर घेतलेली. ह्यू नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एकेकाला पार करून देत होता. त्याने इझबेलला पाहिलं, तिच्यामागची हिरवी रांग पाहिली आणि त्याला सगळं कळलं. तो एवढंच म्हणाला, "तू यांना घेऊन पुढे हो. मॉड फार मागे राहिली आहे. तिला घेऊन मी येतो. खुणा आहेत, आता काळजी नाही."

इझबेल पुढे चालू लागली, लोक मागे. सगळे सुखरूप बांधावर पोचले. तिने मोजदाद करायला मागे वळून पाहिलं, तर प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवी फांदी.

"हे काय आणलंत?" तिने विचारलं.

बार्नबीचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "देवाने झावळ्या दिल्या आपल्याला," तो म्हणाला. "भर वाळूत उगवल्या होत्या. आजच्या दिवशी अशी गोष्ट सोडून यायची कशी?"

आपण काय करून बसलो हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दर वर्षी ज्यासाठी मन झुरायचं ते वाटेत मिळालं, आनंदाने उचललं, एवढंच. मागे एकही खूण उरली नव्हती. पावलांचे ठसे शोधायची सोय नव्हती, ओल्या वाळूत पाऊल उचललं की ठसा पाण्याने भरून जातो. आणि भरतीला सुरुवात झाली होती.

इझबेल रागावली नाही, रडली नाही. म्हणे तिचा आवाज इतका शांत होता की लोकांना तिची भीती वाटली. "ज्याने जिथून उपटली तिथे त्याने जाऊन उभं राहायचं," ती म्हणाली. "फांदी डोक्यावर धरायची. ह्यू तुमच्यापाशी येऊन पुढे जाईपर्यंत हलायचं नाही."

कोणीतरी पाण्याकडे बोट दाखवलं. बार्नबी म्हणाला, "पाणी दिसतंय सगळ्यांना. चला." आणि तो आधी उतरला.

इझबेल काठीने चाचपत पुढे, बाकीचे एकमेकांचे हात धरून मागे. एकेक जण आपल्या जागी थांबत गेला. जिथून मागचा माणूस नुसता दिसू शकेल इतक्या अंतरावर पुढचा. सगळ्यात टोकाला, नदीजवळ, बार्नबी उभा राहिला, कारण सगळ्यात आधी उपटली होती ती त्याने. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. फटकळ तोंडाचा तो माणूस त्या संध्याकाळी एकच शब्द ओरडत होता, ह्यूचं नाव. इझबेल त्याच्या शेजारी उभी होती. पुष्कळ वेळ धुक्यातून काहीच आलं नाही.

मग ह्यू आला. मॉड त्याच्या पाठीवर होती. एका फांदीपासून दुसऱ्या फांदीपर्यंत, एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत तो चालत गेला, आणि तो पुढे गेला की तिथला माणूस त्याच्यामागे निघायचा. कुंपण जणू स्वतःच्या पायांनी घरी चाललं होतं. बांधावर आल्यावर मॉडला खाली उतरवलं. बार्नबीने आपली फांदी इझबेलच्या हातात दिली आणि इझबेलने ती मॉडला दिली.

घरी जाऊन इझबेल उघड्या बुंध्यांपाशी बसली आणि मग मात्र पोटभर रडली. ह्यू वाचला म्हणून रडली आणि कुंपण गेलं म्हणूनही रडली. ह्यूने तिच्याशेजारी बसून बुंध्यांना गोडं पाणी घातलं. सकाळी दार उघडलं तर अख्खं गाव फांद्या परत करायला उभं. तिने एकही घेतली नाही. "आपापल्या दाराशी लावा," ती म्हणाली. "पानं गोड्या पाण्याने धुवा. वाऱ्याच्या बाजूने दगड रचा." खाऱ्या वाळूत रोवलेली फांदी कधी जगत नाही, हे तिकडचं पोरही सांगेल. त्या वर्षी बहुतेक सगळ्या जगल्या म्हणे. इझबेलचे बुंधेही फुटले. आणि मॉड पुढच्या वर्षीही होती, तिच्या पुढच्याही.

विनिफ्रेडबाईंची गोष्ट इथे संपते. पाहुणे विचारतात, "हे सगळं खरं आहे का?" त्यावर त्या म्हणतात, "इंग्रजांना रांगेची फार आवड, असं जग म्हणतं. आमच्या गावाने ती कशासाठी लावली, तेवढं मी सांगितलं."

आता खाडीला वळसा घालून चांगला डांबरी रस्ता आहे. वाळूतून चालायची कोणाला गरज नाही. आजही झावळ्यांच्या रविवारी हॅलोविकचे लोक दारच्या लॉरेलची एकेक फांदी तोडतात, पलीकडे प्रार्थनेला जातात आणि वाटाड्याला सोबत घेऊन खाडी ओलांडून परत येतात. जो पहिला बांधावर पोचतो तो घरी जात नाही. तो वाळूकडे तोंड करून उभा राहतो, फांदी डोक्यावर धरतो, मग दुसरा, मग तिसरा. थंडी असो, पाऊस असो, शेवटचा माणूस आल्याशिवाय कोणी हात खाली घेत नाही. गेली काही वर्षं शेवटच्या विनिफ्रेडबाईच असतात. गुडघे दुखतात, पावलागणिक थांबावं लागतं. लोकांनी कितीदा सांगितलं, तुम्ही मोटारीने या. त्या ऐकत नाहीत. म्हणतात, समोर सारं गाव माझ्यासाठी उभं आहे, ते एवढं चालत आल्याशिवाय कसं दिसेल?