दोनदा मारलेला ठसा

“हा ठसा कधीचा?” असं उस्तादांनी विचारलं होतं, की “हा कुणाचा?” असं?

अठ्ठावन्न वर्षं झाली. आता शपथेवर सांगता येणार नाही. मला वाटतं, “कुणाचा” असंच विचारलं असावं. मी उत्तर मात्र रिव्हॉल्व्हरच्या सालाचं दिलं, एवढं नक्की.

“एकोणीसशे एक,” मी म्हणालो.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. कृष्णाकाठच्या एका छोट्या संस्थानाचा शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला होता. संस्थान विलीन झालं, तरी दरवर्षी खंडेनवमीच्या शस्त्रपूजेआधी ते यायचे आणि एकेक हत्यार तेल लावून पुसून ठेवायचे. वय सत्तरीच्या पुढे. वाचता येत नव्हतं.

मी तिशीतला. झुरिकहून धातुशास्त्राची डॉक्टरेट घेऊन नुकताच परतलेला. तिकडे रविवारच्या जुन्या बाजारांत स्विस रिव्हॉल्व्हर पाहण्याचा नाद लागला होता. परदेशी विद्यार्थ्याला ती घेता कुठून येणार? मी नुसते क्रमांक उतरवून आणायचो. कोणत्या क्रमांकाचं साल कोणतं, लष्करासाठी बनलेलं कोणतं, दुकानात विकायला बनलेलं कोणतं, सगळं वहीत होतं. त्या वहीचा मला फार गर्व होता.

शिलेखाना लोकांना पाहायला खुला होणार होता. प्रत्येक हत्याराखाली एक चिठ्ठी हवी होती. त्यासाठी आईसाहेबांनी मला बोलावलं होतं.

आईसाहेब म्हणजे तिथल्या शेवटच्या संस्थानिकांच्या पत्नी. सरकार, म्हणजे ते संस्थानिक, वारून पाच वर्षं झाली होती. शंभर हत्यारांपैकी त्यांना एकाच चिठ्ठीची काळजी होती.

“तरुणपणी सरकारांना क्षय झाला होता,” त्या मला म्हणाल्या होत्या. “स्वित्झर्लंडच्या आरोग्यधामात दीड वर्ष होते. शेजारच्या खाटेवर ऊर्स नावाचा घोडदळातला हवालदार होता. तो वाचला नाही. जाण्याआधी त्यानं आपलं रिव्हॉल्व्हर सरकारांना दिलं. आमचे भाऊबंद हसतात. म्हणतात, दुकानातून आणलं आणि गोष्ट रचली… चिठ्ठीवर ऊर्सचं नाव येईल ना?”

आणि त्या सकाळी मी उस्तादांच्या समोर बसून सांगत होतो की नाव येणार नाही.

“हे अक्षर बघा, उस्ताद.” मी भिंग पुढे केलं. “क्रमांकाच्या अलीकडे रोमन पी आहे. पी म्हणजे खासगी. ही मालिका नागरी विक्रीची. सैनिकाचं हे नव्हेच.”

“मंजे सरकार खोटं बोलले?”

“मी तसं म्हणत नाही.”

“मग कोण म्हणतंय? वही?”

मी भिंग पुन्हा पुढे केलं.

उस्तादांनी भिंग बाजूला सारलं. गोधडीच्या तुकड्यात खोचलेला एक बाभळीचा काटा काढला आणि क्रमांकाच्या पहिल्या आकड्याच्या खोबणीतून हलकेच फिरवला. वाळलेलं कुंकू निघालं. किती खंडेनवम्यांचं, कोण जाणे.

“आत काय दिसतंय?”

“निळा रंग. पोलादाला देतात तो.”

मग त्यांनी पीच्या खोबणीतून काटा फिरवला. तिथूनही कुंकू निघालं.

“आता?”

मी वाकलो. आत निळा नव्हता. उघडं पोलाद होतं, जुनं, करडं. कडेला धातूचा बारीक कंगोरा उठलेला.

“आकडे ठोकले, मग रंग चढवला,” उस्ताद म्हणाले. “ह्यो एकटाच रंगानंतरचा. लई नंतरचा. आन् बघा, आकड्यांच्या रांगेत बी न्हाई. जरा लांब बसलाय, पावण्यावानी.”

ते अंतर मला आधीही दिसलं होतं. ठोकणाऱ्याची चूक म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

“अजून एक. हा दोनदा मारलाय.”

खरंच. अक्षराची कड दुहेरी होती. पहिला घाव उथळ, दुसरा खोल.

“कारागीर कच्चा असेल,” मी म्हणालो.

“दुसरा घाव बघा की. पयल्याच्या अंगावर, केसभर बी हललेला न्हाई. कच्च्या गड्याला जमतंय व्हय हे?”

“मग पहिला असा का?”

उस्ताद तेल लावत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्यापुढे तांब्याचा एक पत्रा टाकला. हातात चांदाच्या खुणेचा ठसा दिला, लहानशी हातोडी दिली.

“मारा.”

मी मारला. एका घावात चांद उमटला, स्वच्छ.

“हात बरा हाय तुमचा, डॉक्टर. उगं पुस्तकात घातला.” ते हसले. मग म्हणाले, “घड्याळ काढा.”

“का?”

“काढा तर. कुणी दिलं?”

“वडिलांनी. मी बोटीवर चढताना मनगटावरनं काढून दिलं.”

“हायत?”

“नाहीत. मी तिकडे असतानाच…”

उस्तादांनी घड्याळ उलटं करून पत्र्यावर ठेवलं. पाठ पोलादाची, गुळगुळीत.

“मारा ठसा.”

“उस्ताद, चेष्टा नको.”

“चेष्टा न्हाई. मारा.”

अभिमान म्हणा, हट्ट म्हणा, मी हातोडी उचलली. ती वर थांबली. किती वेळ, ते आठवत नाही… मग कशीबशी खाली आली.

चांदाची एक कड तेवढी उमटली. बाकी काही नाही.

तेवढ्यात आईसाहेब आत आल्या. मी घड्याळ खिशात टाकलं.

“झाली का चिठ्ठी?”

‘नागरी बनावटीचे’ हे शब्द मी खोडले होते. उरलं होतं ते असं: ‘स्विस रिव्हॉल्व्हर, १९०१.’

त्यांनी चिठ्ठी वाचली. उलटून मागेही पाहिलं.

“नाव नाही?”

“पुरावा नाही, आईसाहेब.”

“बरं,” त्या म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी अगदी जपून, दोन्ही हातांनी, जागेवर ठेवली आणि बाहेर गेल्या.

ते “बरं” मला नीट आठवतं. बाकी कशाबद्दल शंका असली तरी त्याबद्दल नाही.

उस्ताद रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळत होते. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला. मी घड्याळ दिलं. त्या अर्ध्या चांदावरून त्यांनी अंगठा फिरवला.

“उस्ताद, मी नाव लिहायला हवं होतं का?”

त्यांनी घड्याळ परत माझ्या तळहातावर ठेवलं. जरा वेळ तिथेच दाबून धरलं…

“पुरा उमटवायचा तर आता दुसऱ्यांदा मारावा लागंल,” ते म्हणाले.

मी मारला नाही. अर्धा चांद अजून आहे. हे सगळं घडलं की मी मनानं रचलं, असं वाटू लागलं की घड्याळ उलटं करून बघतो.

उस्ताद पुढच्याच वर्षी गेले. आईसाहेब नंतर बरीच वर्षं होत्या. चिठ्ठी तशीच राहिली.

एक्क्याण्णव साली एका परिषदेसाठी बर्नला गेलो होतो. रिव्हॉल्व्हरचा क्रमांक जुन्या वहीत होता. तिथल्या दफ्तरखान्यात एका वृद्ध गृहस्थांनी जाड नोंदवही काढून दिली. सैनिक सेवेतून मोकळा होताना शस्त्र त्याला घरी न्यायला दिलं, तर त्यावर वेगळा पी ठोकत, असं त्यांनी सांगितलं. विकायला बनलेल्या मालिकेतला पी वेगळा. तो क्रमांकाला जोडून असतो.

नोंद सापडली. साल १९२६. ऊर्स, घोडदळातला हवालदार. क्षयामुळे सेवामुक्त. शस्त्र स्वतःजवळ ठेवण्यास परवानगी.

खाली, ठसा मारणाऱ्या शस्त्रकारागिराची सही होती. आडनाव ऊर्सचंच. त्या डोंगरी खोऱ्यांत एकेक आडनाव शेकडो घरांना असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी ती सही तीनदा वाचली, मग त्या गृहस्थांकडून वाचून घेतली, आणि कारागिराची माहिती मागितली. ती पत्रानं आली, आठ महिन्यांनी.

तो ऊर्सचा बाप होता.