इनासने धुतलेला टोप

वसईकडच्या एका गावात इनास नावाचा एक भोळा माळी होता. भोळा म्हणजे सांगाल ते करणारा. कशासाठी सांगितलं, ते विचारायच्या भानगडीत पडायचा नाही. असली माणसं ढीगभर असतात. इनास निदान कबूल तरी करायचा.

त्याने शेजारच्या दुमिंगच्या वाडीतला केळीचा घड चोरला. मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं. बायको रेजिनबाय म्हणाली, फादरकडे जा, पापनिवेदन कर, देवाशी नीट हो. नाहीतर चर्चमध्ये लग्नाच्या मिस्सेत, सगळ्यांदेखत, पोरीचा बाप कम्युनियनच्या प्रसादावाचून बसेल.

इनास गेला. फादर म्हणाले, "क्षमा ही देवाची देणगी. ती कोणी कमवत नाही. हात पुढे करायचे आणि घ्यायची."

इनासला पटलं. वाटेत दुमिंगची वाडी लागली. न कमावलेला दुसरा घड समोरच लोंबत होता. त्याने हात पुढे केले आणि घेतला.

रेजिनबायने त्याला तसाच मागे धाडला. फादरांनी कपाळ धरलं. "नुसतं घेऊन भागत नाही रे. देवाच्या कृपेला आपल्या हातांची साथ लागते. जिथलं नेलंस तिथं परत ठेव."

इनासने दोन्ही घड नेले आणि सुंभाने केळीला बांधले. दोन्ही एकाच केळीला. केळ मोडली. दुमिंग काठी घेऊन धावला, पण गाठी बघून त्याला आधी हसू आलं. म्हणाला, जा, माफ केलं. लग्नाला जेवायला येतो.

तिसऱ्या खेपेला फादरांनी पापमुक्ती दिली. इनासने विचारलं, "म्हणजे माझं पाप आता झाकलं?"

"देव नुसतं झाकण ठेवत नाही, बाबा. आतून धुऊन स्वच्छ करतो."

लग्नाची मिस्सा झाली. इनासला कम्युनियन मिळालं. रेजिनबायने डोळे पुसले. घरी मांडवामागे दोनशे माणसांचं मटण टोपात तयार होतं. वर कावळे फिरत होते. "झाकण ठेव आणि इथंच बस," ती म्हणाली, आणि नवरा-नवरीला घरात घ्यायला गेली.

परतली तर टोपात तिचं तोंड दिसत होतं.

"मटण कुठंय?"

"झाकून काय होतं, रेजिन? आतून धुतला. विहिरीच्या पाण्याने, तीनदा."

मग क्षमेसाठी त्याने दोन्ही हात पुढे केले. रेजिनबायने त्यांवर रिकामा टोप ठेवला.

"केली क्षमा. आता हातांची साथ दे."

इनास उकिरड्याकडे गेला. तिथं कुत्री जेवत होती. जिथलं नेलं तिथं परत ठेवायचं, हे त्याला पाठ होतं. त्याने एकेक तुकडा कुत्र्यांच्या तोंडून सोडवला, टोपात भरला, या वेळी आठवणीने झाकण ठेवलं, आणि पंगतीत वाढायला आला.

पहिलं ताट दुमिंगचं.