शिंपीण आणि दोन कोतवाल

एवढंसं पाखरू. त्याचं नाव शिंपीण.
चोच सुईसारखी. शेपटी उभी.
पानाला पान शिवते आणि पानातच राहते.

एकदा काय झालं, घराचा टाका उसवला. घरात होती दोन अंडी. टाका घातला नाही, तर अंडी खाली पडणार.

शिंपिणीने कापूस आणला. पांढरा पांढरा, मऊ मऊ. तेवढ्यात कावळा आला. झप! कापूस पळवला आणि शेवग्यावर जाऊन बसला. कावळ्याला कुठे शिवता येतं? तरी पळवला.

शिंपीण म्हणाली, "कावळेदादा, माझा कापूस दे."
कावळा म्हणाला, "शेवगा हलेल, तेव्हा देईन."

फुर्र फुर्र, टुवी टुवी. शिंपीण गेली शेवग्याकडे.
"शेवगेदादा, शेवगेदादा,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तू हल ना."
शेवगा म्हणाला, "मांजर चढेल, तेव्हा हलेन."

शेवग्याखाली मांजर अंग चाटत होती. फुर्र फुर्र, टुवी टुवी. शिंपीण गेली मांजरीकडे. पण बोलली लांबूनच.
"मनीताई, मनीताई,
शेवगा हलेना,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तू चढ ना."
मांजर म्हणाली, "कुत्रा भुंकेल, तेव्हा चढेन."

फुर्र फुर्र, टुवी टुवी. शिंपीण गेली कुत्र्याकडे.
"टिपूभाऊ, टिपूभाऊ,
मांजर चढेना,
शेवगा हलेना,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तू भुंक ना."
कुत्रा म्हणाला, "फाटक वाजेल, तेव्हा भुंकेन."

फुर्र फुर्र, टुवी टुवी. शिंपीण गेली फाटकाकडे.
"फाटकमामा, फाटकमामा,
कुत्रा भुंकेना,
मांजर चढेना,
शेवगा हलेना,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तू वाज ना."
फाटक म्हणालं, "काका उठतील, तेव्हा वाजेन."

फाटकावर होती पाटी. पाटीवर होतं काकांचं नाव. कोतवाल.
शिंपीण हरखली. कोतवाल म्हणजे राखण करणारा. चोराला पकडणारा. आता कापूस मिळालाच.

काका खुर्चीत झोपले होते. घुर्र घुर्र.
"कोतवालकाका, कोतवालकाका,
फाटक वाजेना,
कुत्रा भुंकेना,
मांजर चढेना,
शेवगा हलेना,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तुम्ही उठा ना."

काकांनी एकच डोळा उघडला.
"अगं बाई, कोतवाल हे माझं आडनाव. राखण करायचे माझे पणजोबा. मी नुसता नावाचा. खरे कोतवाल ते बघ, तारेवर बसलेत."
आणि पुन्हा घुर्र घुर्र.

तारेवर एक पाखरू होतं. त्याचं नावही कोतवाल. काळं कुळकुळीत. शेपटीला दोन टोकं, कात्रीसारखी. कावळ्याच्या निम्मंसुद्धा नाही.
शिंपीण दमली होती. तरी बोलली.
"कोतवालदादा, कोतवालदादा,
काका उठेनात,
फाटक वाजेना,
कुत्रा भुंकेना,
मांजर चढेना,
शेवगा हलेना,
कावळा देईना,
माझा कापूस मला मिळेना.
तुम्ही कधी उठाल?"

कोतवाल म्हणाला, "चल."

सूंऽऽऽ! कोतवाल सुटला.
टोच, कावळ्याच्या पाठीवर. टोच, कावळ्याच्या डोक्यावर.
कावळा घाबरला. काव काव काव! कापूस टाकला आणि पळाला.
कावळा उडाला, शेवगा हलला, गदागदा.
शेवगा हलला, शेंगा पडल्या, टप टप टप.
शेंगा पडल्या, मांजर पळाली आणि फाटकावर चढली.
मांजर चढली, फाटक वाजलं, कर्र कर्र.
फाटक वाजलं, कुत्रा भुंकला, भो भो.
कुत्रा भुंकला, काका उठले.
सगळ्यांनी सगळं केलं. पण काम झाल्यावर.

कापूस आला तरंगत तरंगत. शिंपिणीने तो चोचीत झेलला. घरी गेली. घातला टाका, ओढला दोरा. अंडी घरात, घर पानात.

काका अंगणात आले. त्यांनी वर पाहिलं. कोतवाल अजून कावळ्याच्या मागे होता. एवढासा कोतवाल, एवढा मोठा कावळा, आणि पळतोय कोण, तर कावळा. काका बघतच राहिले.

आता काकांना कुणी नाव विचारलं, की ते ताठ उभे राहतात. तारेकडे बोट दाखवतात.
म्हणतात, "कोतवाल. ते वर बसलेत ना, त्यांचं नाव लावतो मी."