कोरडी बंदूक आणि तेलात न्हालेला लोहार

दसऱ्याला लोहाराच्या डोक्यावर वाटीभर तेल ओतणारं गाव तुम्ही कधी पाहिलंय का? आमचं करंजटेंब तसं आहे. त्याचं कारण आहे हैबती लोहार.

फार वर्षांपूर्वी, घाटातून बैलगाडीसुद्धा उतरत नव्हती तेव्हा, गावाच्या झऱ्यावर एक वाघीण येऊन बसली. झरा एकच. बायका भर दुपारी घोळक्यानं ताटं वाजवत जायच्या आणि अर्ध्या घागरी घेऊन पळत यायच्या. वाघीण एवढी मोठी, की ती पाणी प्यायली की झरा वीतभर खाली जायचा, असं म्हणतात. तिनं काठावरची म्हैस ओढून नेली, तेव्हा पुढची पाळी माणसाची, हे सगळ्यांना कळून चुकलं.

पाटलांनी बंदरावरून बंदूक आणवली. चकमकीची, कोरी करकरीत. चाप ओढला की घोड्यातली गारगोटी पोलादी पानावर घासायची, ठिणगी पडायची, नळीबाजूच्या वाटीतली, म्हणजे कानातली, चिमूटभर दारू पेटायची आणि ती आग बारीक भोकातून नळीत जायची. निदान तशी जायला हवी होती. पाटलांनी चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्.

बंदूक हैबतीकडे आली. त्यानं गारगोटी चामड्यात धरून घट्ट बसवली, घोड्याला झटका देणारी कमान घासली, पान तापवून त्याला पुन्हा पाणी दिलं. बंदूक उडाली. पण गोळी भलतीकडेच गेली. नळीच्या आत पिळाच्या खाचा होत्या आणि त्यांच्या कडा अजून खरखरीत होत्या. गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी आतच फाटायची. म्हणून हैबती रोज परसातल्या बांधावर बार काढायचा, नळी पुसायचा, पुन्हा ठासायचा. आणि प्रत्येक बारानंतर गोळी कुठे लागली ते न बघता गवतात वाकून चिंध्या वेचायचा.

"गाव तहानेनं मरतंय आणि हा चिंध्या गोळा करतोय," पाटील कपाळाला हात लावून म्हणायचे.

"चिंधी फाटतेय तोवर नळी तयार नाही, पाटील."

त्या चिंध्या त्याच्या बायकोच्या, ठकूच्या लुगड्याच्या. "माझं लुगडं संपेल तेव्हाच तुमची बंदूक तयार होईल," ती म्हणायची. "मग मला नेसवा ती बंदूक."

शेवटी एकदाची चिंधी अखंड बाहेर आली. गोळी नेमकी लागली. पण झऱ्याकडे निघायचं म्हटलं, की पाटलीणबाई ताट घेऊन हजर. शस्त्र पुजल्याशिवाय वेशीबाहेर न्यायचं नाही, ही गावाची रीत. त्या घोड्याला तेल लावायच्या, कानावर हळदकुंकू वाहायच्या. मग गारगोटी तेलकट, भोक कुंकवानं बंद. टक्.

हैबती सगळं सोडवायचा, पुसायचा, सुकवायचा. पाटलीणबाई पुन्हा पुजायच्या.

"पाटलीणबाई, हात जोडतो. तिला तेल चालत नाही."

"अरे, देवाला चालतं नि हिला चालत नाही? मोठी लागून गेली."

एकदा असंच झालं. बंदूक पुजली गेली, हैबती डोकं धरून बसला. ठकूचा धीर सुटला. "तुम्ही पुसत बसा, मी पाणी आणते," म्हणत तिनं घागर उचलली आणि एकटीच निघाली. हैबती तशीच बंदूक घेऊन मागे धावला.

वाघीण झऱ्यावरच होती. ठकू आणि ती, मध्ये फक्त घागर. हैबतीनं नेम धरला. चाप ओढला. टक्.

ठकू मागे न वळता पावलापावलानं त्याच्यापाशी आली. तिनं पदराचा कोरडा काठ फाडला, गारगोटी पुसली, पान पुसलं, केसांतल्या काट्यानं भोक मोकळं केलं. "घाला दारू," ती म्हणाली. "एवढं तर मला रोज ऐकून पाठ झालंय."

ते सगळं होईपर्यंत वाघीण नुसती बघत राहिली, असं म्हणतात. मग अशी ठिणगी पडली की भर दुपारी डोंगराची सावली उलट्या बाजूला पडली. बाराचा आवाज दरीत फिरत फिरत तिन्हीसांजेला गावात परत आला. वाघिणीचा एक केससुद्धा कुणाला सापडला नाही. कुणी म्हणतं पडली, कुणी म्हणतं ती दरी ओलांडून गेली. झऱ्यावर मात्र पुन्हा कधी आली नाही.

ती बंदूक आजही देवळात टांगलेली आहे. दसऱ्याला गावातली सगळी अवजारं पुजतात. बंदुकीला मात्र कुणी तेलाचं बोट लावत नाही. जुन्या लुगड्याची एक कोरडी पट्टी तिला बांधतात, आणि तिच्या वाटचं तेल-कुंकू पाटावर बसलेल्या लोहाराला मिळतं. ही रीत ठकूची.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलीणबाई पुन्हा ताट घेऊन आल्या. ठकूनं बंदूक आत नेऊन ठेवली, हैबतीला दारात बसवलं, आणि पाटलीणबाईंनी वाटीभर तेल त्याच्या डोक्यावर ओतलं.