पुसलेला उतार

निरगुडखिंडीच्या घाटातील रेल्वेमार्ग संगणकात जसाच्या तसा उभा करण्याचे काम एकदा एका तरुण मुलीकडे आले. तिचे नाव शर्वाणी. घाटाच्या पायथ्याशी इंजिनचालकांना शिकवणारी एक संस्था होती आणि तिथे खऱ्या इंजिनासारखी एक केबिन बांधलेली होती. आत तोच ब्रेकचा दांडा, तीच वेगाची तबकडी, तशीच खुर्ची. फक्त समोरच्या काचेच्या जागी मोठा पडदा. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. नव्या चालकांनी खऱ्या घाटात जाण्यापूर्वी या केबिनमध्ये बसून तो घाट अनेकदा पार करावा, ज्या चुका व्हायच्या त्या इथेच व्हाव्यात, हा संस्थेचा हेतू. यंत्र येऊन पडले होते. त्यात घालायचा घाट मात्र अजून व्हायचा होता.

शर्वाणी मन लावून कामाला लागली. मार्ग बेचाळीस किलोमीटरचा. रेल्वेचे जुने आराखडे, उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे आणि कुणी प्रवाशांनी काढलेले फोटो, एवढ्या सामग्रीवर तिने रूळ अंथरले, बोगदे कोरले, पूल बांधले. अकरा महिने गेले. काम जसजसे पूर्णत्वाला येऊ लागले तसतशी तिची काळजी वाढू लागली. खांबांवरचे आकडे बरोबर आहेत ना? तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी दगड काळा आहे की तांबूस? पूर्वेच्या डोंगरावर सागाच्या जागी चुकून ऐन तर लावला नाही? जेवताना घास हातात राहायचा आणि ती फोनवर फोटो मोठा करून पानांचा आकार बघत बसायची.

"अगं, गाडी चालवणारा पानं मोजणार आहे का?" आई म्हणायची.

"कोण काय बघेल सांगता येत नाही, आई," ती म्हणायची. "एक जरी गोष्ट खोटी दिसली तरी शिकणाऱ्याचा विश्वास जाईल."

ती पुन्हा पानांकडे वळायची. चार हजारांहून अधिक झाडे लावून झाली होती, तरी पूर्वेचा डोंगर तिला उघडाबोडका वाटायचा.

उद्घाटनाला नऊ दिवस उरले, तेव्हा संस्थेच्या प्राचार्यांनी मार्ग तपासायला गुंजाळांना बोलावले. गुंजाळ याच घाटात चौतीस वर्षे गाडी चालवून निवृत्त झाले होते. वय चौऱ्याहत्तर, अंगाने किडकिडीत, बोलणे मोजके. त्यांच्या हाताखाली शिकलेले चालक त्यांना वस्ताद म्हणत. मार्ग योग्य आहे अशी त्यांची सही झाल्याखेरीज तो शिकवण्यासाठी वापरायचा नाही, असे प्राचार्यांनी ठरवले होते.

वस्ताद केबिनमध्ये बसले. शर्वाणी मागे वही घेऊन उभी राहिली. गाडी निघाली. डावीकडे तिने दीड महिना खपून उभा केलेला धबधबा आला आणि गेला. वस्तादांनी मानही वळवली नाही. स्टेशन आले, त्याच्या पत्र्याच्या छपरावरचा गंजसुद्धा तिने रंगवला होता. तिकडेही त्यांचे लक्ष नव्हते. नजर रुळांवर, हात दांड्यावर.

सतराव्या किलोमीटरवर मात्र एक विचित्र गोष्ट घडली. वस्ताद खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश सरळ झाले, ब्रेक लावला आणि पडद्याकडे रोखून बघत उभे राहिले. पडद्यावर तिथे काहीही नव्हते. सरळ रूळ, सपाट जमीन, शेजारून जाणारा ओढा. ब्रेकमुळे गाडी मंदावत जवळजवळ थांबायला आली. वस्तादांनी ब्रेक सोडला आणि दीड किलोमीटर उभ्यानेच गाडी नेऊन मग खाली बसले. पुढे एकोणतिसाव्या किलोमीटरवर, खडक फोडून काढलेल्या चिंचोळ्या वाटेशी, ते पुन्हा उठले. लांब हॉर्न दिला. समोर निर्मनुष्य रूळ होता.

घाट संपला तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा एकदा लाव."

दुसऱ्या फेरीतही ते नेमके त्याच दोन जागी उठले.

"काय चुकलं, सर?" शर्वाणीने विचारले.

"मेहनत फार केलीस," वस्ताद म्हणाले. "पण सही मी आज करणार नाही. काय चुकलं ते तूच बघ." एवढे बोलून ते चप्पल घालून निघून गेले.

पुढचे दोन दिवस शर्वाणीने त्या दोन जागा धुंडाळल्या. खांब मोजले, खडीचा रंग पडताळला, ओढ्यातल्या दगडांची सावली दुरुस्त केली. एकोणतिसाव्या किलोमीटरवर ती तासन्‌तास बसली. सतराव्यावर आली की मात्र ती तिथून लवकर पुढे सरकायची. तिसऱ्या दिवशी ती वस्तादांच्या घरी गेली. ते अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

"सर, तुम्ही तिथे उठलात का?" तिने थेट विचारले.

त्यांनी तिच्याकडे पाहिले. "घाटातून इंजिनात बसून गेली आहेस कधी?"

"नाही. परवानगीचा अर्ज करणार होते, पण काम इतकं होतं..."

"तुझ्यासाठी मी परवा अर्ज टाकलाय. उद्या सकाळी आठची मालगाडी आहे. डबा घेऊन ये."

त्या गाडीवर भालेराव नावाचे चालक होते, पंचेचाळिशीचे, वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेले. मागे कोळशाने भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे. शर्वाणी केबिनच्या कोपऱ्यात वस्तादांशेजारी उभी राहिली. भालेराव आपल्या सहायकाला मुलीच्या बारावीच्या परीक्षेची गोष्ट सांगत होते. मुलगी रसायनशास्त्राच्या पेपरानंतर जेवलीच नव्हती. सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर सोडून ते उठले आणि उभे राहिले. सहायकही गप्प झाला. बाहेर खांबावर सतराचा आकडा होता.

शर्वाणीने समोर पाहिले. जमीन सपाट होती, थोडी चढाचीच म्हणा ना. ओढाही संथ दिसत होता. तिच्या पडद्यावर होते अगदी तसेच. मग तिची नजर तबकडीवर गेली. काटा तीसवरून चौतीसवर आला होता. भालेरावांनी ब्रेक लावला. काटा क्षणभर अडखळला आणि पुन्हा वर सरकू लागला. मागून कुणी प्रचंड पंजा टेकवून ढकलावे तसे सगळे इंजिन पुढे रेटले जात होते. भालेरावांनी दांडा आणखी ओढला. जमीन सपाटच दिसत होती आणि गाडी उतारावरून चालली होती. शर्वाणीने भिंतीचा आधार घेतला.

दीड किलोमीटरनंतर भालेराव बसले. एकोणतिसाव्या किलोमीटरवर ते पुन्हा उठले आणि त्यांनी लांब हॉर्न दिला. इथेही समोर कुणी नव्हते.

"इथे का उठता तुम्ही?" तिने हळूच विचारले.

"वस्ताद उठायचे, म्हणून," भालेराव म्हणाले. "त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पण इथून बसून जाववत नाही."

पुढच्या स्टेशनात ती दोघे उतरली. फलाटावर एका बाकावर बसली. परतीची गाडी यायला दीड तास होता. शर्वाणीने डबा तसाच मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "वस्ताद, तिथे उतार आहे हे मला माहीत होतं."

वस्तादांनी मान तिच्याकडे वळवली.

"आराखड्यात लिहिलेला होता. साठ फुटांना एक फूट. फोटोत मात्र जमीन सपाट दिसत होती. उतार घालून बघितला तर पडद्यावर सपाट जमिनीवरून गाडी आपोआप पळायला लागली. इतकं खोटं वाटलं की मला वाटलं, जुन्या आराखड्यात कुणाची तरी चूक झाली असणार. म्हणून मी तो पुसला."

"कधी?"

"सात महिने झाले."

"कुणाला विचारलंस?"

"नाही. विचारणार होते. वहीत लिहूनही ठेवलं होतं. मग..." ती थांबली. "मग मी झाडं लावायला घेतली."

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी आपला डबा उघडला, तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आजूबाजूचे डोंगर फार तिरके आहेत तिथे, म्हणून डोळा फसतो. माझाही फसला होता, नवा होतो तेव्हा. तिथे सावध राहायला म्हणून तेव्हापासून मी उभाच राहतो. ती जागा तुला कळली. आता दुसरी सांगतो. एकोणतिसाव्या किलोमीटरला लिंबाजी नावाचा गँगमन रुळावर काम करत होता. मी खडकातून बाहेर आलो, तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. हॉर्न उशिरा दिला मी. चौकशीत माझा दोष निघाला नाही. पण मला माहीत होतं."

शर्वाणीने भाकरी डब्यात परत ठेवली.

"त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक वळणाला हॉर्न द्यायचो, प्रत्येक पुलावर ब्रेक लावायचो. लोक म्हणायचे, गुंजाळ फार सावध झाला. मी सावध झालो नव्हतो, पोरी. त्या एका जागेकडे बघायला लागू नये म्हणून सगळ्या घाटाला घाबरत होतो. बेचाळीस किलोमीटर घाबरणं सोपं असतं. मग एकदा सिग्नल मिळाला नाही आणि गाडी नेमकी तिथेच थांबली. खाली उतरलो. चालत गेलो, पावलं मोजली. खडकातून बाहेर आल्यावर माणूस दिसायला जेमतेम दीडशे मीटर मिळतात. उभं राहिलं तर थोडे जास्त. बस, इतकंच होतं ते. त्या दिवसापासून तिथेही उभा राहायला लागलो आणि बाकीचा घाट बसून चालवला. तू सात महिने काळजी केलीस ती खोटी नाही. पण ती कुठली, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. झाडांवर तू ती पसरून ठेवलीस."

दुपारी ती संस्थेत परतली आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली. उतार कसा पुसला गेला, ते तिने काहीही न झाकता सांगितले. उतार परत घालायचा तर पुढचे सहा किलोमीटर रूळ, भिंती, पूल, सगळेच खाली उतरवावे लागणार होते.

"पत्रिका छापून झाल्यात," प्राचार्य म्हणाले. "पाहुण्यांना गेल्याही."

"हो सर."

"किती दिवस लागतील?"

"एकवीस."

"आणि नाही केलं तर?"

"तर इथे शिकलेला माणूस तिथे ब्रेक उशिरा लावेल."

ती उभीच होती. नोकरी जाईल, हे तिने येतानाच मनाशी धरले होते. शेवटी प्राचार्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि पहिल्या पाहुण्यांचा नंबर फिरवला. "हे सात महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं," फोन कानाला लावूनच ते म्हणाले. "जा, कामाला लाग."

एकवीस दिवस तिने फक्त त्या दोन जागांवर काम केले. उतार आराखड्यात होता तसा घातला आणि डोंगर डोळ्यांना फसवतात तसे फसवू दिले. एकोणतिसाव्या किलोमीटरवर तिने चार गँगमन ठेवले, पण दर फेरीला नव्हे. पाच-सात फेऱ्यांतून एकदा, केव्हा ते चालकाला आधी कळणार नाही असे. वस्ताद येऊन एक फेरी करून गेले आणि सही केली. कौतुक केले नाही.

पहिल्या तुकडीतला एक तरुण चालक केबिनमध्ये बसला. हुशार होता, हात स्थिर होता. सतराव्या किलोमीटरवर सपाट जमीन बघून त्याने ब्रेक सैल सोडला. काटा चाळिसावर गेला, पन्नासावर गेला. त्याने दांडा ओढला तेव्हा फार उशीर झाला होता. पडदा लाल होऊन थांबला. इजा कुणाला झाली नव्हती.

त्याने मागे वळून विचारले, "मॅडम, तिथे खरंच असा उतार आहे? जमीन तर सपाट दिसते."

"आहे," शर्वाणी म्हणाली. "मी जाऊन बघितलाय."

त्याने मान हलवली आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनापासून लावायला सांगितली.

आपल्याला शंभर गोष्टींची काळजी लागून राहते, तेव्हा त्यांतली कोणती एक गोष्ट आपण कुणाला विचारायची टाळली आहे, एवढे तरी स्वतःला विचारून पाहावे.