शिडीखालचा माणूस

“मग माझी चूक कुठं झाली, वस्ताद? कायद्यात बोट ठेवून दाखवा.”

निरंजन शिंत्रे पहाटेची गाडी धरून पुण्याहून आला होता. एसटीतून उतरला तो सरळ इथंच. बूट न काढताच तो ओट्याच्या पायरीवर बसला. मांडीवर जाड फाईल होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरली होती.

समोर हसन नदाफ बसले होते. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन. आता गुडघे गेलेत, म्हणून दिवसभर ओट्यावरच असतात. पण आजऱ्याच्या वरच्या अंगाला जो कोणी तार घेऊन खांबावर चढतो, तो कधी ना कधी त्यांच्याच हाताखालून गेलेला असतो. म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणतात.

वस्ताद तांब्याच्या तारेचा एक वाकडा तुकडा अंगठ्यानं सरळ करत होते.

“आधी बूट काढ,” ते म्हणाले.

निरंजननं बूट काढले. मोजेही काढले.

“आता बोल. कुणाचा कायदा?”

“सरकारचा. ब्रॉडबँडचा. मी लिहितो ते तुम्ही वाचता ना?”

“मोबाईलवर अक्षर बारीक येतंय.”

“बारा हजार लोक वाचतात, वस्ताद.”

“त्यांचे डोळे चांगले असतील.”

निरंजन हसला नाही. तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवर लेख लिहायचा. सॉफ्टवेअर खुलं असावं, कुणालाही आत उघडून बघता यावं. तारेवर कुणाची मक्तेदारी नसावी. गावात एकच केबलवाला असला की तो गावाचा मालक होतो; दोन असले की दोघंही नीट वागतात. हे तो इतकं पटेल असं लिहायचा की वकीलसुद्धा त्याला पत्रं पाठवायचे.

रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाला शिडी लावलेली होती. वर निळ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा होऊन काम करत होता. शर्टाच्या पाठीवर नव्या कंपनीचं नाव होतं. शिडीपाशी कुणीच नव्हतं.

निरंजन बसला होता तिथून खांब समोरच दिसत होता. तो तिकडे बघत नव्हता.

“पंडितची सही हवीय,” तो म्हणाला.

“कशाला?”

“कंपनीविरुद्ध अर्ज केलाय. हा बघा. चौदा पानं. त्यांनी सुरुवातीला सहा महिने जवळजवळ फुकट दिलं, पंडितच्या केबलची सगळी गिऱ्हाइकं ओढली, तो पुन्हा उभाच राहिला नाही, आणि मग दर दुप्पट केले. वरच्या धनगरवाड्याची लाइन तर जोडलीच नाही. हे कायद्यात बसत नाही. सोमवारी सुनावणी आहे. पण ज्याचं नुकसान झालं त्याची सही नसेल तर तिथं अर्ज टिकतच नाही.”

“मग त्याला माग की सही.”

“दोनदा फोन केला. उचलत नाही.”

“खांबावर असताना उचलू नये, असं मीच शिकवलंय.”

“वस्ताद, तुम्ही सांगितलं तर तो करेल.”

“करंल,” वस्ताद म्हणाले. “आन मंगळवारी त्याचा निळा शर्ट काढून घेतील.”

“तसं काढता येत नाही. कायदा आहे.”

“त्याच्या तारा तोडताना बी असंल की एखादा.”

“होता. आठ दिवसांची नोटीस द्यायला हवी होती.”

“दिली?”

“...नाही.”

वस्तादांनी सरळ झालेली तार बाजूला ठेवली आणि दुसरा वाकडा तुकडा उचलला.

तारा तुटल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. ग्रामपंचायतीची माणसं सकाळी आली आणि दुपारपर्यंत पेठेतल्या सगळ्या खांबांवरून पंडित चौगुलेची केबल खाली पडली. ती अर्धी गटारात, अर्धी रस्त्यात होती. शाळा सुटल्यावर मुलं तिच्या रिंगा करून फिरवत होती. पंडित चार दिवस ती गोळा करत होता.

धनगरवाड्याची लाइन त्याच केबलवरून पुढे जायची. तीन टेकड्या ओलांडून पंडितनं ती एकट्यानं नेली होती. वर सगळी मिळून सतरा घरं. त्यातून काही सुटत नव्हतं. पेठ होती म्हणून वरचं चालत होतं. आता रेशनच्या अंगठ्याचं मशीन वर चालत नाही. बायका अंगठा द्यायला चार मैल खाली उतरतात आणि गहू डोक्यावर घेऊन परत चढतात.

पंचायतीची माणसं आपण होऊन आली नव्हती. त्यांच्याकडे एक तक्रार आली होती. नीट टाइप केलेली, कलमांसकट, परिशिष्टांसकट. खाली सही होती निरंजन शिंत्रे याची.

“ती जुनी तक्रार हाय का रं तुझ्याजवळ?”

“आहे. फाईलमध्येच आहे.”

“वाच.”

“वस्ताद, नवा अर्ज महत्त्वाचा—”

“नवा मागनं. चूक कुठं झाली इचारतोस, तर जुनं वाच.”

निरंजननं फाईल उघडली. घसा साफ केला. लेख वाचून दाखवताना त्याचा आवाज जसा होई, तसाच आताही झाला, स्पष्ट आणि थोडा मोठा.

“मुद्दा पहिला. सदर केबलचालकाने विजेच्या खांबांवर तारा टाकण्याची लेखी परवानगी घेतलेली नाही.”

“खरं हाय,” वस्ताद म्हणाले. “मी बी घेतली नव्हती कधी. फुडं?”

“मुद्दा दुसरा. सदर केबलचालक ग्राहकांच्या नोंदी ठेवण्यासाठी बिनपरवान्याचे, नकली प्रतीचे सॉफ्टवेअर वापरतो.”

“ते काय असतंय?”

“म्हणजे... विकत न घेता कॉपी केलेलं.”

“पंड्याला कॉपी करता येती?”

निरंजननं पान उलटायला बोट लावलं, पण उलटलं नाही.

“त्याला मोबाईलवर वेळ लावता येत न्हाई,” वस्ताद म्हणाले. “कुणी घालून दिलं?”

“...मीच.”

“कधी?”

“कॉलेजात असताना. उन्हाळ्याच्या सुट्टीत.”

वस्ताद हसले. मनापासून हसले, अगदी खोकला येईपर्यंत. मग तांब्यातलं पाणी प्यायले.

“वाच, वाच. चांगलं लिवलंयस.”

आता निरंजनचा आवाज लहान झाला होता.

“मुद्दा तिसरा. प्रत्येक खांबावर तारेची निष्कारण वेटोळी लोंबत ठेवलेली असून ती नागरिकांच्या जिवाला धोकादायक आहेत. सोबत छायाचित्रे...”

तो थांबला.

तारेच्या तुकड्यावरून वस्तादांचा अंगठा फिरत होता, तेवढाच आवाज.

वेटोळं म्हणजे काय, हे निरंजनला कुणी सांगायची गरज नव्हती. दोघंही दहावीच्या सुट्टीत वस्तादांकडे आले होते, तो आणि पंडित. पहिल्या दिवशी वस्तादांनी एकच गोष्ट शिकवली होती. प्रत्येक खांबावर हातभर तार गुंडाळून ठेवायची. आपल्यासाठी नाही. पुढे कधी तार तुटली, तर मागून येणाऱ्याला जोडायला पुरावी म्हणून.

पंडित चढायचा. निरंजनला उंची सोसत नसे. दुसऱ्या पायरीवरच त्याचे हात ओले व्हायचे. म्हणून तो खाली शिडी धरायचा.

खालच्या माणसालाही वस्तादांचा नियम होता. शिडी दोन्ही हातांनी धरायची. वरच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायची नाही. नाक खाजलं तरी नाही.

“निष्कारण,” वस्ताद म्हणाले. शब्द नवा असावा तसा त्यांनी तो हळू उच्चारला.

“तक्रार जोरदार व्हायला हवी होती, वस्ताद. नुसत्या परवानगीवर पंचायत हलली नसती. मला पंडितचं वाईट करायचं नव्हतं. मला वाटलं, रस्ता मोकळा झाला की चार जण येतील. पंडितही रीतसर परवानगी घेऊन परत उभा राहील. स्पर्धा होईल. दोन तरी होतील.”

“झाले दोन?”

“...एकच आहे.”

“आधी किती हुते?”

“एकच.”

“हं.”

निरंजननं फाईल मिटली. मग पुन्हा उघडली, जणू काही त्यात राहून गेलं असावं.

“फोटो दावशील?” वस्तादांनी विचारलं.

त्यानं पान पुढे केलं. वस्तादांनी चष्मा लावला. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. फोटोत खांब खालून वर दिसत होता. वर तारेचं वेटोळं, नीट तीन ठिकाणी बांधलेलं. वेटोळ्याच्या बाजूला एक अनवाणी पाय, शिडीच्या वरच्या पायरीवर.

“पंड्याचा पाय.”

“हो.”

“कधीचा हाय?”

“तक्रारीच्या आधीच्या दिवाळीतला. गावी आलो होतो. पंडित म्हणाला, जरा येतोस का, शिडी धरायला कुणी नाही.”

“झ्याक आलाय. अजिबात हाललेला न्हाई.”

निरंजन फाईलच्या कडा सरळ करू लागला.

“निरंजन.”

“हो, वस्ताद.”

“असा फोटू काढायला हात किती लागत्यात?”

“...दोन.”

वस्तादांनी चष्मा काढला. काडी जपून मिटली. फोटोचं पान त्याच्याकडे परत दिलं.

“मग शिडी?”

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. कॅन वाजत वाजत लांब गेले. निरंजननं पान घेतलं, पण फाईलमध्ये ठेवलं नाही. ते कुठं ठेवावं हेच त्याला कळत नसावं.

तो म्हणाला, “पंडितला माहीत नसेल. तो वर होता. त्याचं लक्ष तारेत होतं.”

“वरच्याला कळतंय रं. शिडी सांगती त्याला.”

“मग तो बोलला का नाही? इतक्या दिवसांत एका शब्दानं...”

“बोलला की.”

“काय?”

“त्याच दिवशी दिवे लागायच्या वक्ताला आला हुता इथं. तू बसलाईस तिथंच बसला. म्हणाला, वस्ताद, निरंजन लई दमलाय ओ. हात सुटत हुते आज त्याचे. पुण्यात लई काम लावत असत्याल.”

निरंजननं मान खाली घातली. पायरीवर मुंग्यांची रांग चालली होती. त्याच्या बुटाला वळसा घालून ती पुढे जात होती.

“मी त्याची माफी मागू का?”

वस्ताद पुन्हा तार सरळ करू लागले.

“मी पुन्हा लिहीन. सगळं खरं लिहीन. सॉफ्टवेअर मी दिलं, वेटोळी कशाला असतात ते मला माहीत होतं, सगळं. बारा हजार लोक वाचतील.”

“आन पंड्या?”

“...तो वाचत नाही.”

“हं.”

डोंगराकडून वारा आला. ओट्यावरचे कागद फडफडले. नव्या अर्जाचं वरचं पान उडालं. वस्तादांनी ते हातानं दाबलं आणि चौदाही पानांवर चिनी मातीची एक जुनी वाटी ठेवली. खांबावर तार अडकवायला पूर्वी असायची तसली, एका बाजूनं टवका उडालेली. सहीची रिकामी जागा नेमकी तिच्याखाली गेली.

रस्त्यापलीकडे शिडी कर्रकन वाजली.

पंडित वर खांबाला छाती टेकवून उभा होता. कंपनी हल्ली एका खांबाला एकच माणूस पाठवते. त्यानं जोडणी पूर्ण केली होती आणि उरलेली तार कापायला पक्कड काढली होती. नव्या कंपनीला खांबावर तार शिल्लक राहिलेली चालत नाही. त्यानं हातभर तार उचलून एकदा बघितली. मग कापली. तुकडा खाली पडला. त्यानं तो कुठं पडला ते बघितलं नाही.

वारा पुन्हा आला. शिडीचा एक पाय खडीवरून बोटभर सरकला.

निरंजन उठला.

बूट पायरीशीच राहिले. अकराचं ऊन होतं आणि डांबर तापलं होतं. पुण्याला गेल्यापासून तो कधी अनवाणी चालला नव्हता. तरी तो धावला नाही. शिडीकडे धावत जायचं नाही, वरचा माणूस दचकतो, हेही त्याला कधीतरी शिकवलेलं होतं. तळवे उचलत, ओठ आवळत त्यानं रस्ता ओलांडला.

शिडीपाशी पोचल्यावर तो क्षणभर नुसताच उभा राहिला. पायाजवळ कापलेली हातभर तार पडली होती.

मग त्यानं शिडी धरली. दोन्ही हातांनी.

शिडी थांबली. वरचा माणूसही थांबला. तारांच्या मध्ये त्याला मान खाली वळवायला जागा नव्हती.

“कोण हाय रं खाली?” पंडितनं वरूनच विचारलं.

निरंजननं तोंड उघडलं. गेलं दीड वर्ष त्याला जे सांगायचं होतं, ते सगळं तिथं आलं होतं. त्यानं ओट्याकडे बघितलं.

वस्ताद दुसरी तार सरळ करत होते. मान वर न करताच त्यांनी मोठ्यानं हाक दिली, रस्त्यापलीकडे, वरपर्यंत ऐकू जाईल अशी.

“कुणी न्हाई, पंड्या. तू तुझं काम कर.”